रेग्युलेटरमागची लाल वायर

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. चिडून अर्ध्यावर फेकलंस तर पुन्हा उचल, पण पुरतं वाच.

गेल्या महिन्यात तू दोन दिवस राहून गेलास, बाबांच्या बोटीच्या मोटरचं झाकण उघडून ऑइल बदललंस, आणि चौथ्या दिवसापासून बॅटरी बसायला लागली. रोज रात्रभर घरी चार्ज करून मी ती सकाळी परत बसवायची, की दुपारी उतारू धक्क्यावर ताटकळत आणि स्टार्टर नुसता टकटक करतोय. दोरी ओढून मोटर चालू करायला बाबांचा खांदा आता साथ देत नाही. मला संशय यायला फार लागत नाही, हे तू जाणतोस. आधी बॅटरीवाल्यावर आला. जुना माल नवा म्हणून खपवलास, असं त्याला चारचौघांत सुनावलं. त्याने तपासून दाखवली, बॅटरी ठणठणीत. मग धक्क्यावरचा पहारेकरी. हा दुपारी आपल्या बोटीतला पंखा लावून झोपत असणार, म्हणून दोन दिवस पाळत ठेवली. झोपतो खरा, पण स्वतःच्या खुर्चीत.

शेवटी मीटर घेऊन बसले. मोटर बंद असताना बारा पॉइंट चार व्होल्ट. चालू केल्यावर चौदाच्या आसपास जायला हवं, तर आकडा जागचा हलेना. म्हणजे मोटर बॅटरीला काही देतच नव्हती. टर्मिनल घासले, फ्यूज बदलला. मोटरच्या कॉइलकडून, बॅटरीला बेताचा करंट सोडणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत, करंट नीट येत होता. तिथून बॅटरीकडे जाणारी लाल वायर चाचपत गेले, तर ती जोडातून काढलेली. तुटलेली नाही, गंजलेली नाही. टोकाला टेप, आणि टेपचा शेवट दुमडलेला, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून. अशी टेप बाबांनी शिकवलेली दोनच माणसं लावतात, आणि त्यातली एक मी.

माझं डोकंच फिरलं. बोट विका म्हणून तू दोन वर्षं त्यांच्या मागे लागलायस. ऐकत नाहीत म्हणून हा डाव खेळलास, असं मी धरूनच चालले. फोनवर तुला काय काय बोलले ते परत लिहीत नाही. घरात पाय ठेवू नकोस म्हणाले, तेही बाबांसमोर.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसले आणि म्हणाले, त्याला बोलू नकोस, वायर मी काढलीय. शिकवणाऱ्याला मी मोजलंच नव्हतं. तू गेल्यावर एका दुपारी, लख्ख उन्हात, पाण्याच्या मध्यावर गेल्यावर आपला धक्का कुठल्या बाजूला हेच त्यांना आठवेना. उतारूंमधल्या एका बाईने हात करून दाखवलं तेव्हा परत आले. आपल्याला सांगायची त्यांना लाज वाटली. मोटर बिघडली म्हणणं सोपं होतं. आणि मी मूर्ख रोज सकाळी बॅटरी बसवून त्यांना पुन्हा पाण्यावर पाठवत होते. ते घाबरलेले असायचे रे, आणि मला दिसलं नाही.

मला माफ कर, आणि ये. आल्यावर बोट विकायचा विषय तूच काढ, नेहमीसारखा हट्टाने. बाबा भांडतील, मीही थोडी त्यांची बाजू घेईन. तू माघार घेऊ नकोस. विसरायला लागलो म्हणून बोट सोडली, हे धक्क्यावर सांगणं त्यांना जमणार नाही. पोराने ऐकलंच नाही, हे ते सांगू शकतील.

तुझीच चुकलेली,
ताई