वीतभर अंतरावरून

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (दाजींना नमस्कार नाही. का, ते खाली वाचशीलच.)

फोनवर आपलं भांडण होतं आणि काकू मधे पडते, म्हणून लिहितोय. तुझ्या छातीतल्या गाठीचं कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पण तू सर्जनची तारीख घेऊ नकोस. मी आहे ना.

कॉलेज सोडलं म्हणून तुम्ही मला वाया गेलेला ठरवलंत. एकदा आमच्या ऊर्जा केंद्रात येऊन तर बघा. खाली लाँड्री आहे, जिन्यात इस्त्रीची वाफ कोंडलेली असते. वर मात्र एक पांढरी कॉट, एक खिडकी आणि शांतता. आजाऱ्याला हात लावायचा नाही, अंगापासून वीतभर वर धरायचा आणि ऊर्जा वाहू द्यायची, बस. केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणतात, माझे हात उपजतच गरम आहेत. मॅडमची भाची (हो, तीच, जिच्यापायी मी कॉलेज सोडलं असं दाजी सांगत फिरतात) म्हणाली की रागीट माणसात शक्ती जास्त असते, फक्त वळवावी लागते. माझ्या रागाबद्दल आजवर चांगलं बोललेली ती एकटीच.

माणूस लांब असला तर त्याचा फोटो उशीवर ठेवून उपचार करतात. तुझा निळ्या स्वेटरमधला घेतलाय. रोज संध्याकाळी सातला पाठीवर पडून राहा. दाजी म्हणाले म्हणे, हवेत हात फिरवून फार तर माशा हाकलता येतील. त्यांना सांग, त्यांच्या टकलाला ऊर्जा मिळणार नाही.

रागासकट लोभ ठेवावास,
तुझा भडकू

१० मार्च

चि. भडकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाठ गेली. खरंच गेली, डॉक्टरांनीही तपासून सांगितलं. तू धावत येऊ नकोस, इथे सगळं ठीक आहे.

सातला मी पडलेली असायचे, दिवसभर पडलेलीच होते म्हण ना. शिवणाच्या कारखान्यातून सुट्टी घेतलीय. डावा हात जरा अवघडलाय, पडद्याचं जड कापड मशीनवर ओढवत नाही. स्वयंपाक दाजी करतात. भाजी करपवतात आणि वर मलाच विचारतात, तोंडाची चव गेली का.

तुझे हात गरम आहेत हे मला तू पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. परीक्षेचा अर्ज अजून भरता येतो म्हणे. लगेच फणा काढू नकोस, नुसतं म्हटलं.

काकूला जप. लोभ आहेच, मागायची गरज नाही.

तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मॅडमनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं! (परीक्षेची ओळ मी आधीच खोडून टाकली होती.) तुझा फोटो आता दारासमोरच्या भिंतीवर आहे, खाली लिहिलंय: गाठ विरघळली. आणि मॅडमची भाची सगळ्यांदेखत माझ्याकडे बघून हसली. ताई, त्या हसण्यासाठी मी चार कॉलेजं सोडीन.

खरी बातमी पुढेच आहे. मागच्या खुर्चीवर काकू होती. परतताना जिन्यात कठडा धरून थांबली आणि म्हणाली, मलाही तशीच गाठ आहे, थंडीपासून. कुणाला बोलली नव्हती. हॉस्पिटलात तारीख घेऊन आली होती, ती तिनं काल रद्द केली. पोरीची गेली तर माझी का जाणार नाही, म्हणाली. आईबाबांमागे जिनं आपल्याला वाढवलं, तिच्यासाठी काही करायला मिळतंय. रोज सातला ती कॉटवर, मी शेजारी. दाजींनाही या खेपेला नमस्कार.

असाच लोभ असताना आणखी काय मागू?

भडकू

२३ मार्च

चि. भडकूस,
आशीर्वाद.

हे पत्र पोचताच काकूला वाचून दाखव, मग माझ्यावर हवा तेवढा भडक.

गाठ विरघळली नाही. फेब्रुवारीतच माझं ऑपरेशन झालं, गाठीबरोबर छातीची एक बाजू गेली. अजून औषधं चढवतात, केस गळतायत, प्रवासाला बंदी आहे. तुला सांगितलं असतं तर तू येऊन डॉक्टरांशी भांडला असतास, नाहीतर खचला असतास. हातात घेतलेलं एक तरी काम तुझं मोडू नये असं वाटलं. ते पत्र कुणी भिंतीला टांगेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे.

काकूला फोन केला तर ती हसली. पोराला त्या मुलीपासून तोडायला बरं सोंग काढलंत, म्हणाली. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. तिला उद्याच्या उद्या हॉस्पिटलात ने. पाया पडते तुझ्या.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, एवढं कर.

ताई

२७ मार्च

ताई,

दाजींनी सांगितलं तसं तू लिहिलंस. तुझ्याच हातची दोन पत्रं माझ्यापुढे आहेत, खरं कुठलं? डॉक्टरांनी तपासलं असं पहिल्यात तूच म्हणतेस. मी कशात तरी जिंकलो, ते तुम्हाला बघवत नाही.

मॅडमच्या भाचीला तुझं पत्र दाखवलं. ती म्हणाली, आजाऱ्याचा विश्वास डळमळला की ऊर्जेची वाट तुटते. म्हणून काकूला वाचून दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. दाजींना पाठवू नकोस, दार उघडणार नाही.

लोभाचं पुढे बघू.

१४ जून

ती. ताईस,

तू इथून परत गेल्यावर आठ दिवस पेन उचललं नाही. दाजी एप्रिलमध्ये आले होते, त्यांना मी खरंच जिन्यावरून परत पाठवलं. आणि प्रवासाची परवानगी मिळताच तू आलीस, डोक्याला रुमाल बांधून, काकूला आतल्या खोलीत नेलंस आणि दार लावून घेतलंस. काकू बाहेर आली ती थेट हॉस्पिटलात जायला चपला घालायला लागली. तुझा व्रण बघायला तिला मिनिटही लागलं नसेल. मला मात्र अडीच महिने तुझं अक्षर खोटं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही. मार्चमध्ये का आणलं नाहीत, हेही म्हणाले. माझ्याकडे बघून.

काल केंद्रात जाऊन तुझा फोटो ओढून काढला, कोपरा फाटला. सोबत पाठवतोय. मी ओरडलो, मॅडमची भाची ओरडली नाही. डॉक्टरकडे जाऊ नका असं आम्ही कुणालाच सांगत नाही, म्हणाली. तुझ्या काकूनं ऐकलं ते तुझं. खरंच आहे ते. आणि तरी उतरताना दारात तिच्या चपला दिसल्या तर पाय अडखळले. थुंक माझ्यावर.

तू खोटं बोललीस ते माझ्या मायेनं, मी ते जपलं तिच्या हसण्यासाठी, आणि भरतेय काकू. ती तुला नावं ठेवत नाही, मलाही नाही. त्यापेक्षा तिनं मला बदडलं असतं तर बरं झालं असतं.

आज संध्याकाळी तिनं हाक मारली, ये, ठेव हात. मी सवयीनं वीतभर वर धरले. तर म्हणाली, इतके दिवस लांबूनच धरलेस, आता तरी टेकव. मी तिच्या खांद्यावर टेकवले. गळ्याच्या हाडाशी खड्यासारखं काहीतरी कडक बोटांना लागलं. रोज सातला माझे हात तिथेच होते, ताई. फक्त वीतभर वर.

तुझा लोभ मागायला तोंड नाही. असेल उरलेला तर घेऊन ये, काकूला हवाय. लवकर ये.

भडकू