राखाडी हेडफोन आणि साडेपन्नास

२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद, आणि लांबूनच एक चिमटा.

आईची रात्रपाळी असायची तेव्हा दिवसा आपल्या घरात चमचासुद्धा वाजवायची सोय नव्हती, आठवतं? ती आतल्या खोलीत झोपलेली, आणि आपण दोघं जेवणाच्या टेबलाखाली बाबांचा छोटा रेडिओ घेऊन बसलेले. त्याला एकाच कानाची ती पांढरी गुंडी होती. एक मिनिट तुझं, एक मिनिट माझं. ज्याच्या कानात गुंडी, त्यानेच साठ मोजायचे, असा नियम होता, आणि तो नियम तूच केला होतास. पन्नास झाले की तू साडेपन्नास म्हणायचास, मग एक्कावन्न, मग साडेएक्कावन्न. नाटकातला खुनी कोण हे मला कायम तुझ्याकडून कळायचं.

आज हे आठवलं, कारण पुन्हा माझ्या कानावरून भांडण लागलं आहे. समोर या वेळी तू नाहीस, संचालकबाई आहेत.

माझं काम तुला ठाऊक आहे. दृष्टिहीनांसाठी जी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित होतात, ती मी छापील पान समोर ठेवून ऐकते. वाचणारा चुकला की कळ दाबते, तिथे खूण पडते. त्या खुणेवरचं चुकीचं तेवढं आमचा कात्री कापून टाकतो. कात्री म्हणजे ध्वनी कापणारे गृहस्थ. पन्नाशीचे आहेत, पण सगळे त्यांना कात्रीच म्हणतात. एकोणीस वर्षं ते माझ्या खुणेवर डोळे झाकून कापत आले.

डिसेंबरात नवी यंत्रं आली. त्यांना वायर खोचायचं भोकच नाही. खोलीत आम्ही तिघी ऐकतो, त्यामुळे आवाज मोठ्याने लावता येत नाही. बिनवायरचे हेडफोन प्रत्येकीने आपापले आणावेत, असं ठरलं. मी दुकानात गेले आणि रंग बघून घेऊन आले. पहिलंच पुस्तक बागकामाचं होतं. वाचणारा एके ठिकाणी अडखळला: "निवडुंगाला पाणी, पाणी नको रोज, ऊन मात्र भरपूर." मी कळ दाबली. कात्रींनी कापलं. पुस्तक गेलं. महिन्याने एका श्रोत्याचं पत्र आलं, की तुमच्या सांगण्यावरून मी निवडुंगाला रोज पाणी घातलं आणि तो कुजला. ऐकून पाहिलं तर पुस्तकात आहे, "निवडुंगाला पाणी, पाणी रोज." दुसरं "पाणी" राहिलं आणि "नको" कापलं गेलं होतं. अशा अकरा जागा निघाल्या.

संचालकबाई फार गोड बोलल्या. वय झालं की कान थकतात, त्यात लाजण्यासारखं काय, असं म्हणाल्या. माझी खुर्ची नव्या बाईंना द्यावी आणि मी पुस्तकांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, अशी सूचना आली. शाळेत सिस्टर आम्हाला लांब व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं करून कुजबुजत्या आवाजात शुद्धलेखन घालायच्या, आणि माझी एक चूक निघायची नाही. माझे कान थकलेले नाहीत. मी चाचणी मागितली आहे. २४ तारखेला मला एक प्रकरण ऐकवणार आहेत, त्यात मुद्दाम तीस चुका पेरलेल्या असतील. हेडफोन माझे.

तेव्हा, साऱ्या गावाचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसा, हेडफोन कसे निवडायचे ते सांग. फोन तर तू उचलतच नाहीस, म्हणून हे एवढं लांब लिहिलं. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच चालू दे.

तुझी
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. (साष्टांग गुडघे घालू देत नाहीत, उभ्यानेच मान्य व्हावा.)

तुझं पत्र वाचून हिच्यासमोर मी इतका हसलो की ही चिडली. बिचारा निवडुंग! पण ताई, तुझ्या कानाला काही झालेलं नाही. झालंय ते तुझ्या हेडफोनला.

नीट ऐक. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज यंत्रातून निघतो, त्याची घडी होते, ती हवेतून येते, कानापाशी उलगडते, मग तुला ऐकू येते. या सगळ्याला पाव सेकंद जातो. गाणं ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण तू दुसरं "पाणी" ऐकून कळ दाबतेस तेव्हा यंत्र पुढच्या शब्दावर पोचलेलं असतं. खूण पडते "नको"वर. तू बरोबर, कात्री बरोबर, आणि निवडुंग मेला.

निवडताना रंग बघू नकोस. दुकानात त्यांच्या पडद्यावर कुणी हातोडा मारतोय असं काहीतरी लावायला सांग. ठोका दिसतो तेव्हाच ऐकू यायला हवा. ज्या जोडीबरोबर नखाएवढी खुंटी मिळते, जी यंत्रात खोचून ठेवायची, तिच्यात उशीर जवळजवळ नसतो. तशीच घे. डोक्यावर निदान वीस मिनिटं ठेव, कारण तुझ्या चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांचं जमेलच असं नाही. बटणं दाबायची असावीत, नुसती बोट फिरवायची नकोत. आणि पाठ असलेलं काहीतरी ऐक, म्हणजे काय गाळलं जातंय ते कळेल.

फोनचं म्हणशील तर दुकानात हात सदैव सोल्डरिंगच्या राळेत आणि तारेत असतात, म्हणून राहून जातं. पत्रच बरं. बाकी ठीक. समोरच्या झाडावरच्या चिमण्या यंदा कुठे गेल्या कोण जाणे, सकाळ अगदी मुकी वाटते.

साडेपन्नासचा आरोप मला अमान्य आहे. माया असू दे.

तुझा
खटपट्या


११ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद, आणि माफक शाबासकी.

तुझं पत्र मी संचालकबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की भाऊ बहिणीची बाजू घेणारच. ठीक आहे. चाचणी होईल, मग बोलू.

काल दुपारभर दुकानात होते. विकणारी मुलगी हुशार आहे, पण तिची समजूत अशी की या वयाच्या बाईला मोठा आवाज हवा असतो. दर वेळी ती आवाज वाढवायची आणि मी कमी करायचे. हातोडेवाला सापडला नाही, म्हणून तिने लाकूड फोडणारा माणूस लावला. पहिल्या चार जोड्यांत ओंडका आधी दुभंगायचा आणि आवाज मग यायचा, जणू शेजारच्या घरात कुणी फोडतंय. पाचवी जोडी अचूक होती, पण अशी घट्ट की दहा मिनिटांत चष्मा कानात रुतला. खुंटीवाल्या जोड्या त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

घरी आल्यावर आरशात पाहिलं तर दोन्ही कान लाल झालेले. आईने पाहिलं असतं तर आधी तुझाच कान धरला असता.

चाचणी तेरा दिवसांवर आली आहे, पण मी काही घाबरलेले नाही. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला माझी ना नाही, पण आपण ऐकलेलं बरोबर होतं हे ठाऊक असताना चूक कबूल करून चिकटवायच्या नाहीत. लोभाची आठवण ठेव, आणि मोडक्या खुर्चीवर बसून काम करू नकोस.

तुझी
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुकानांच्या नादी लागू नकोस. तुझ्यासाठी मी घाऊक व्यापाऱ्याकडून खुंटीवाल्या सहा जोड्या मागवल्या आणि काल दिवसभर एकामागून एक कानाला लावून बसलो. सोबत पाठवतो आहे ती पांढरी. उशीर शून्य. आणि स्वच्छ म्हणजे किती, तर "स" आणि "श" सुईसारखे सुटे. बाकीच्या पाच जाड पांघरुणातून बोलल्यासारख्या वाटल्या. त्यातली राखाडी तर अगदीच मुकी. लोक तिची एवढी तारीफ का करतात देव जाणे. दुकानात कुणी राखाडी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नकोस.

चाळीस वर्षं याच कानांनी पोट भरलंय, तेव्हा डोळे मिटून पांढरी लाव. २४ तारखेला त्या बाईंना गार कर. ही विचारते, पास झाल्यावर आम्हाला काय?

माया असू दे, ती कापली जाऊ नये.

खटपट्या


१९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास आशीर्वाद.

पांढरी जोडी पोचली. उशीर नाही, हे अगदी खरं. हलकी आहे, चष्म्याशीही भांडत नाही. अख्खा दिवस माझ्यासाठी घालवलास, त्याबद्दल काय लिहू.

पण बाळा, ती मला टोचते. "स" आला की कानात टाचणी जाते. अर्ध्या तासाने डोकं धरून बसले. दोन दिवस नेटाने लावली, कारण तू पाठवलेली होती. आज दुकानात गेले आणि राखाडी मागितली. रागावू नकोस. ती माझ्या कानाला मुळीच मुकी नाही. वाचणाऱ्याने थुंकी गिळली तेही ऐकू येतं, आणि काही टोचत नाही. मी राखाडी घेतली आहे. चाचणी तिच्यावरच देईन.

ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुझी मर्जी. मी पुन्हा लावून पाहिली. राखाडीत "स" नाहीच. जे नाही ते तुला कसं ऐकू येतं, ते तूच जाणे. पास व्हावीस ही इच्छा.

खटपट्या


२५ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या खटपट्यास अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी बातमी. तीस चुका पेरल्या होत्या, मी एकतीस काढल्या. संचालकबाईंनी कागद दोनदा पडताळून पाहिला आणि म्हणाल्या की एक जास्त झाली. कात्रींनी तिथेच ऐकवली. सातव्या पानावर वाचणाऱ्याने "आत" ऐवजी "आता" म्हटलं होतं, आणि ते कुणी पेरलेलं नव्हतं. प्रत्येक खूण आपापल्या शब्दावर पडली होती. खुर्ची माझी आहे. सोमवारपासून एक जाडजूड चरित्र ऐकायला घेते आहे.

आता दुसरं. ते लिहायला मला अख्खी रात्र लागली.

परीक्षेत पहिल्या पानावरच एक "स" आला, साधा, स्वच्छ. कळ दाबता दाबता तुझं वाक्य आठवलं, की राखाडीत "स" नाहीच. तो आहे, खटपट्या. बागकामाच्या पुस्तकासारखंच आहे हे. तिथे सगळ्यांनी माझ्या कानाला दोष दिला आणि दोष हेडफोनचा निघाला. इथे आपण दोघांनी हेडफोनला दोष दिला. तुझ्या कानाला बारीक आवाज लागेनासे झाले आहेत, म्हणून जी जोडी मला टोचते तीच तुला स्वच्छ वाटते. आणि म्हणूनच गेल्या उन्हाळ्यापासून तू फोन उचलत नाहीस. राळेचे हात हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं.

काल वहिनीला फोन केला. नव्या हेडफोनवरूनच, तो फोनलाही जोडता येतो. ती रडलीच. म्हणाली, किटलीची शिट्टी होऊन पाणी आटतं तरी ह्यांना कळत नाही, आणि विषय काढला की चिडतात. ती तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहून बोलत होती. तिच्या आवाजामागे मला चिमण्या ऐकू येत होत्या, खटपट्या. पुष्कळ होत्या, नुसता गलका. त्या कुठेही गेलेल्या नाहीत.

रागव, चीड, पत्र फाड, पण मी ठरवलं आहे. मला माझ्या कानांची चाचणी मागताना लाज वाटली नाही, ती तुलाही वाटायचं कारण नाही. ५ मार्चला, गुरुवारी, सकाळी अकराला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी बुधवारीच तुझ्याकडे येते. यंत्र लागलं तर लागलं. तुझ्याइतकी त्याची पारख दुसरं कोण करणार? पण या वेळी निवडताना मी शेजारी बसेन, आणि टोचतंय का ते मी सांगेन.

पार्सलात काय कुणाचं ते नीट वाच. पांढरी जोडी परत पाठवते आहे. ती डॉक्टरांना दाखवायची, तुला कसं ऐकू येतं ते त्यांना तिच्यावरून कळेल. दुकानात विकायची नाही. दुसरी नवी राखाडी वहिनीची, टीव्ही तू कितीही मोठा लावलास तरी तिने ती गळ्यात अडकवून शांत बसावं. लहान कुंडीतला निवडुंग तुझ्या खिडकीत ठेव, रोज पाणी नको. त्याचाच भाऊ त्या श्रोत्याला पाठवला आहे, सोबत माफीची चिठ्ठी, ती कात्रींनी आणि मी मिळून लिहिली. माझे जुने वायरचे हेडफोन कात्रींना दिले, त्यांना भोकवालं यंत्र घरी आहे.

तळाशी काड्यापेटीत बाबांच्या रेडिओची गुंडी आहे. इतकी वर्षं माझ्या बटणांच्या डब्यात होती. ती तुझी. गुरुवारी खिशात असू दे. आत जाताना पहिलं मिनिट तुझं, आणि या वेळी साठ मी मोजणार.

तुझी
ताई