न फिरवलेलं चाक

तंजावूर, ४ मार्च १९९६

ती. सौ. भागीरथी अक्कास,
धाकट्या एकोजीचा सा. न. वि. वि.

तुझा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणजे हे पत्र भाऊजीच तुला वाचून दाखवणार. ते माहीत असूनच लिहितो. परवा पापनाशमला सांगायलाच आलो होतो, पण इडली खाऊन तसाच परत फिरलो.

अपघात भाऊजींमुळे झाला नाही, माझ्यामुळे झाला. तुमच्या गाडीला ती अलॉय चाकं माझ्याच दुकानात, माझ्याच हौसेने बसवली. पुढच्या चाकाच्या आत ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकती आवळणारा चिमटा, असतो. बाहेरचं चाक त्याला घासू नये म्हणून गाडी जॅकवर असतानाच कॅलिपरवर पिठाची गोळी चिकटवायची आणि चाक हाताने एक फेरा फिरवायचं. गोळी किती चेपली त्यावरून फट कळते. उजवं मी फिरवलं. डाव्याच्या वेळी शुक्रवारचा साडेदहाचा राहुकाळ तोंडावर आला होता. चाकांखाली ठेवायची लिंबं घेऊन तू उभी, भाऊजी आत बसायच्या घाईत. उजवं ठीक, तर डावंही ठीकच असणार, असं म्हणून मी जॅक खाली घेतला. डावीकडचं कॅलिपर मीच महिन्यापूर्वी बदललं होतं आणि ते थोडं जाड होतं, हे त्या क्षणी आठवलंच नाही.

वळणावर ते चाक अडकलं आणि गाडी भातशेतात गेली. दुकानात आणून चाक काढलं तेव्हा आत खोल चर पडलेला दिसला. तरी त्याच संध्याकाळी तुमच्या जावयासमोर, वेंकटेशसमोर मी म्हणालो, की भाऊजींनी वळण बेफाम घेतलं असावं. त्याने त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि मी खाली मान घालून कॉफी प्यायलो. अक्का, मला माझीच शरम वाटते.

रागाव, पण मला अगदी परका करू नकोस.

तुझा,
एकोजी

पापनाशम, ७ मार्च १९९६

चि. एकोजीस अ. उ. आ.

पत्र तुझ्या अक्काला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनेच वाचायला लावलं. गेले पंधरा दिवस तिला रसम-भात भरवताना मी तिच्या डोळ्यांकडे बघू शकत नव्हतो. आपलं वय झालं, आपणच बायकोला शेतात घातलं, असं वाटायचं. तेव्हा मी रागावलो आहे, हे लपवत नाही.

पण माझा राग थोडा थांबू शकतो. तू राहुकाळ लिहिलास, शरम लिहिलीस. तशी चाकं आणखी कोणाच्या गाडीला लावलीस, ते मात्र कुठेच लिहिलं नाहीस. आधी त्या गाड्या बोलावून घे. क्षमा मागायला नंतर ये. अक्का म्हणते, येताना निदान पोटभर जेवायच्या बेताने ये.

आशीर्वाद आहेतच,
अनिरुद्धराव

तंजावूर, १० मार्च १९९६

ती. भाऊजींच्या चरणी एकोजीचा शि. सा. न.

पत्र वाचलं आणि दुकान तसंच उघडं टाकून निघालो. तशी चाकं आणखी तीन गाड्यांना लावली होती. खरं सांगतो, तुम्ही विचारेपर्यंत ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मी माझ्याच रडण्यात होतो.

दोन गाड्या ठीक निघाल्या. तिसरी राजवाड्यामागच्या सूर्यनारायण डॉक्टरांची; तिचंही डावं कॅलिपर मी तसलंच जाड बसवलं होतं. त्यांची मुलं रोज तिच्यातून शाळेत जातात. डावं चाक फिरवलं, तर गोळी कागदासारखी चपटी झाली, आणि काढून पाहिलं तर आत चर पडायला लागला होता. तिथल्या तिथे जुनी चाकं लावून दिली आणि चूक कोणाची ते ड्रायव्हरसमोरच सांगितलं.

वेंकटेशलाही फोनवर सगळं सांगितलं. तो किल्ली आणून तुमच्या हातात देईल. घेताना त्याला काही बोलू नका, बोलायचं ते मला बोला.

डॉक्टरांनी विचारलं, वेळेवर कसं लक्षात आलं. मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नाही, माझ्या भाऊजींच्या आलं. ज्यांना मी चारचौघांत बेफाम म्हटलं होतं, त्यांच्या.

अक्काला नमस्कार. तुमच्या पायांशी थोडी जागा असू द्यावी.

आपला,
एकोजी