थंडीत पारखलेलं डांबर

बाबा, तुम्ही रस्त्याचे मुकादम, आणि डांबर पारखायचात ते नेमकं पौषातल्या गारठ्यात. शहापूरच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब बसून तुम्ही पिंपातून आणलेला काळा गोळा अंगठ्याने दाबताय, एक तुकडा दाताखाली धरताय, थुंकून सांगताय, "कडक हाय. नातवंडं चालतील ह्या सडकेवर." आईने एकदाच तोंड उघडलं, "थंडीत समदंच कडक. उनात ठेवून बघा की." तुम्ही म्हणालात, "तू भाकऱ्या थाप." सडकेच्या कामावरच्या साहेबानेही नमुना गरम करून तपासायला सांगितलं होतं. त्याला तुम्ही हो म्हणालात आणि केलं काहीच नाही.

त्याच महिन्यात म्हसाच्या जत्रेत तुम्ही माझ्यासाठी मुरबाडकडचा नवरा पाहिलात. त्याचे बैल चांगल्या भावाने गेले होते, स्वारी खुशीत होती. घरी येऊन म्हणालात, "शांत हाय पोरगा. जल्मात आवाज चढवायचा नाय."

माघात त्याच डांबराची सडक घातलीत आणि माझं लग्नही लावून दिलंत. वैशाखात दोघांचंही खरं रूप कळलं. सडक पातळ झाली, बैलांचे खूर रुतायला लागले, गाड्यांच्या चाकांनी चर पडले. आणि तुमच्या शांत पोराने चुलीतलं जळतं लाकूड माझ्या पाठीवर ओढलं. मी किन्हवलीवरून चालत माहेरी आले. तुम्ही बिघडलेली सडक उकरून नुकतेच आला होतात, अंगणात पायाचं डांबर खरवडत होतात. मी म्हणाले, "बाबा, मी आता जायाची नाय."

"एकदा दिली ती दिली."

"मंग सडक कशाला उकरताय? ती पण एकदा घातलेलीच."

तुम्ही थोबाडीत मारलीत. आईने भरून दिलेला तांब्या तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात आणि आल्या पावली परत पाठवलंत. सडकेचा बिघडलेला भाग मात्र तुम्ही सगळा खरवडून काढलात, नवं डांबर मागवलंत, आणि या खेपेला ते उन्हात ठेवून पाहिलंत. हे मला आईनेच पुढे सांगितलं. नमुना कुठल्या हवेत पाहिला यावर सगळा अंदाज असतो, एवढं तुम्ही शिकलात, पण सडकेकडून. माझी जळलेली पाठ तुमच्यासमोर होती, तिच्याकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. याचा राग मला आजही तेवढाच येतो.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जेवत होते. सासू म्हणाली, "रड गो, लोकं बघतायत." हे पत्र कुठल्या टपालात टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मी पानावरून उठले नाही, बाबा. आणखी भात वाढून घेतला.