बिनगाठीचा दोरा

गुन्सान बंदर,
२८ जुलै १९८७

चि. ओक-रान हिस दादाचे अनेक आशीर्वाद. (रीत आहे म्हणून लिहिले. मनात आज वेगळंच आहे.)

परवा श्राद्धाचा विषय काढला तर तू फोन आपटलास, म्हणून हे पत्र. पत्र आपटता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि वाचल्याशिवाय फाडणारी तू नाहीस.

काल दाढीला बसलो होतो. गालाला फेस, गळ्यावर वस्तरा, आणि न्हावी मला विचारतो की तुमच्या मातोश्री यंदा समुद्रस्नानाला निघाल्या म्हणे! मला हलता येत नव्हतं म्हणून तो वाचला. तिथून उठलो तो थेट बोटीच्या तिकीट खिडकीवर. तिथला माणूस उन्हाळाभर माझ्याच दुकानातून बर्फ नेतो, त्यानं सगळं ओकलं. ८ ऑगस्टचा शनिवार, दुपारी दोनची बोट, नोरूसोम बेट, रविवारी परत. तीन तिकिटं तुझ्या नावावर. वाळूलगतच्या घरात खोलीसुद्धा ठरलेली. म्हणजे न्हाव्याला ठाऊक, तिकीटवाल्याला ठाऊक, आणि ज्याच्या घरात आई राहते त्याला बातमी कळते ती तोंडाला फेस असताना. आणि तिकिटं तीन का? एक तुझं, एक आईचं, तिसरं कुणाचं? जावईबापूंना लोळायला सोलच्या आसपास वाळू मिळत नाही का?

बरं, बेटं काय थोडी आहेत? नोरूसोमच सापडलं तुला? अप्पांची होडी त्याच बेटापलीकडे बुडाली. तिच्या नावाची फळी त्याच वाळूवर लागली, अप्पा लागले नाहीत. तू नऊ वर्षांची होतीस, तुला फळी तेवढी आठवत असेल. मी एकोणीस वर्षांचा होतो, मला सगळं आठवतं. आई तेव्हापासून समुद्राकडे पाठ करून बसते. मासळीबाजारात जाते तीही मागच्या गल्लीनं. आणि तू तिला गवताची टोपी पाठवतेस! रिबीन लावलेली!

याच महिन्याच्या नऊ तारखेला अप्पांचं श्राद्ध झालं. तुझ्या वहिनीनं दोन दिवस चुलीपुढे काढले, मी ताट मांडलं, दारू ओतली, कपाळ जमिनीला टेकवलं. तू आली नाहीस. श्राद्धाला सवड नाही, महिनाभरात सहलीला मात्र आहे.

आईचं ठीक आहे. तिला सध्या शिवणाचा नाद लागलाय. परवा तिनं माझं माप घेतलं. खांदे, हात, टाचेपर्यंत उंचीसुद्धा. शर्ट शिवणार म्हणाली. सेहेचाळीस वर्षांच्या मुलाला शर्ट शिवणारी आई आहे आपली, आणि तू तिला कुठे नेतेस बघ. तिचे डोळे मात्र गेले आहेत. दोऱ्याला गाठ मारायलाच विसरते आणि तशीच टाके घालत सुटते. चष्म्याला न्यायला हवं.

तिकिटं रद्द कर. माझा लोभ तुझ्यावर आहे आणि राहील. तिकिटं राहता कामा नयेत.

तुझा,
मान-गिल दादा

*

सोल,
३० जुलै १९८७

ती. दादास ओक-रानचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकून आहे, मान मात्र ताठ आहे.

फोन मी आपटला नाही. तुझा आवाज ऐकून तोच दचकून पडला.

श्राद्धाला आले नाही, हे तू आता मरेपर्यंत ऐकवणार, म्हणून एकदाच लिहिते. त्या दिवशी पोलिसांच्या हल्ल्यात गेलेल्या विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेला सोलच्या रस्त्यांवर किती माणसं उतरली होती ते तू टीव्हीवर पाहिलं असशीलच. बस आगारातून हललीसुद्धा नाही. अप्पांना आवडायची ती पिवळी खरबुजं पेटीभर घेतली होती. ती पेटी मांडीवर घेऊन सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत बसले, अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते. पेटी तशीच घरी आणली. कुणी एक फोड तोंडात घातली नाही. तू मात्र समजलास की ओक-रानला सवड नव्हती.

दादा, तुझी एक खोड मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या वतीनं तूच बोलतोस. आईला समुद्र नको, आईला थंड शेवया सोसत नाहीत, आईला टीव्हीवरची कुस्ती आवडते. एकदा तरी तिला विचारलंस का? मागे एकदा ती धक्क्यावर नुसती उभी राहिली होती, तर तू बर्फाची गाडी भर रस्त्यात सोडून धावत आलास आणि दंडाला धरून तिला घरी नेलंस. वहिनीनंच मला सांगितलं. ती समुद्राकडे पाठ करून बसते, कारण तिकडे तोंड केलं की तू घर डोक्यावर घेतोस.

टोपीवर रिबीन आहे, कारण ती आईनं मागितली. निळी मागितली होती, मिळाली लाल.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी शब्द दिलाय, आणि तुझ्या शिव्या खाऊन तो पाळते आहे. एकच सांगते. तुझ्या दुकानात बर्फ कापायच्या करवतीशेजारी कॅलेंडर लटकतंय. त्यात मोठ्या आकड्यांखाली बारीक आकडे असतात, चंद्राच्या तिथीचे. आईला चष्मा नकोय. तूच लाव आणि ९ ऑगस्टखाली काय आहे ते वाच.

तिसरं तिकीट माझ्या नवऱ्याचं नाही. त्याला बोट लागते.

राग ओसरला की लोभ करावा, मी वाट बघते.

तुझी,
ओक-रान

*

गुन्सान,
१ ऑगस्ट १९८७

चि. ओक-रान हिस आशीर्वाद.

वाचला आकडा. अधिक सहावा महिना, पौर्णिमा. मग?

अप्पा अधिक सहाव्याच्या पौर्णिमेला गेले, हे तू मला शिकवतेस? काकांनी तेव्हाच सगळ्यांसमोर ठरवलं होतं की अधिक महिना काही दरवर्षी येत नाही, म्हणून श्राद्ध नेहमीच्या सहाव्या महिन्यात करायचं. सगळं बंदर असंच करतं. मी सत्तावीस वर्षं एकही चुकवलेलं नाही. खिशात भोकं होती तेव्हासुद्धा ताटात मासा होता. यंदाचं नऊ जुलैला, रीतीप्रमाणे पौर्णिमेच्या आदल्या रात्री झालं. विषय संपला.

आता खरी गोष्ट ऐक, आणि बसून ऐक.

मी तुझ्या वहिनीला म्हटलं की आईला चष्म्याला ने, ती दोऱ्याला गाठ मारायला विसरते. तिचा चेहराच उतरला. म्हणाली की तुम्ही इतकी वर्षं या घरात राहून काय केलंत? बिनगाठीचा दोरा एकाच शिवणाला लागतो. माणसाला शेवटी घालतात त्या पोशाखाला. गाठ राहिली तर जाणारा अडकतो. आणि तो अधिक महिन्यातच शिवतात, कारण या महिन्यात भुताखेतांचं आपल्याकडे लक्ष नसतं. मी आईची टोपली उघडली. तागाचं नवं कापड, आणि वेष्टनावर तुझ्याच गल्लीतल्या दुकानाचा शिक्का!

म्हणजे आई स्वतःच्या मरणाचे कपडे शिवते आहे, आणि पोटची मुलगी तिला कापड पुरवते! वर टोपी, वर बोटीचं तिकीट! जिथे अप्पा गेले तिथेच नेऊन बसवणार आहेस तिला? तुला काही वाटलं नाही? मी टोपलीवर झाकण घातलं आणि दुकानात जाऊन दोन लाद्या उगाचच फोडल्या.

सकाळी एका कोळ्याबरोबर बेटावर निरोप धाडला आणि खोली रद्द केली.

तुला आठवत नसेल म्हणून सांगतो. होडी बुडाली त्या आठवड्यात चार शहाणी माणसं घरी आली होती. अप्पांचा सदरा हातात दिला आणि म्हणाली की थोरला आहेस, पाण्याकडे तोंड करून नावानं तीन हाका मार, म्हणजे त्यांच्या जीवाला घरची वाट कळेल. ती हाक मेलेल्या माणसाला मारतात. मी वल्हं उचलून त्या चौघांना धक्क्याच्या टोकापर्यंत पिटाळलं होतं. ते वल्हं अजून माळ्यावर आहे.

लोभ आहे की नाही हे मी आज सांगू शकत नाही.

मान-गिल

*

अधिक सहावा महिना, नवमी

चि. मान-गिलला आईचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या जेवणाच्या डब्यात ठेवते आहे. एका छपराखाली राहून मुलाला पत्र लिहायची पाळी आली. समोर बोलले तर तू ओरडतोस. तोंडात घास असताना ओरडता येत नाही, म्हणून आधी भात घे आणि मग वाच.

तो पोशाख माझा नाही. मी एवढी उंच कधी होते? तुझी बायकोही घाबरली आणि तूही. दोघांपैकी एकानं तरी तो उलगडून बघायचा होता.

माप तुझं घेतलं कारण तुझे खांदे अप्पांचेच आहेत. पाठमोरा चाललास की अजूनही मी दचकते. गावात कुणीही गेलं की त्याला कोरडे, नवे कपडे घालून पाठवतात. तुझ्या अप्पांना मी सत्तावीस वर्षं ओल्या कपड्यांत ठेवलं आहे.

ओक-रान मशीनवर शिवून देते म्हणाली. मी नको म्हटलं, नुसतं कापड मागितलं. तुला सांगायचं नाही असा शब्द मीच तिच्याकडून घेतला. तू तिला नाही नाही ते लिहिलंस आणि तिनं तोंड उघडलं नाही. तिची माफी माग.

काकांनी श्राद्धाचा महिना बदलला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तू दरवर्षी ताट मांडतोस, मी बघते आणि मनात म्हणते की ज्याला बोलावलंच नाही तो चुकीच्या महिन्यात येईल कसा? आठ वर्षांपूर्वी अधिक सहावा आला होता. तू बर्फाचं नवं यंत्र बसवत होतास, मी गप्प बसले. ती माझी चूक. यंदा कॅलेंडरवाल्या म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं जाडं पुस्तक काढून बघितलं. पुन्हा अधिक सहावा यायला अडतीस वर्षं आहेत. तेव्हा मी एकशे पाच वर्षांची असेन. थांबू का?

तू वल्हं घेऊन धावलास त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. मलाही ती हाक नको होती. आता हवी आहे. हाक थोरल्यानं मारायची असते. मीच मारली असती, पण माझ्या हाकेला ते जिवंतपणीसुद्धा कधी वेळेवर आले नाहीत. जेवण गार व्हायचं.

तिसरं तिकीट तुझं आहे. सामान चढवायला म्हणून तुला बोटीवर नेणार होते आणि बोट सुटल्यावर सांगणार होते. बोटीतून उठून जाता येत नाही.

खोली परत मिळव. डब्यातली काकडी टाकू नकोस. शेवटी लोभाचं काहीतरी लिहितात ते तुम्ही शिकलेल्यांनी लिहा. मला राग आला आहे.

आई

*

गुन्सान,
५ ऑगस्ट १९८७

चि. ओक-रान हिस दादाचे आशीर्वाद, आणि हे खरे.

आईनं तुझी माफी मागायला सांगितलं आहे. मागितली. हे पत्र जपून ठेव, दुसरं मिळणार नाही.

राग गेला असं समजू नकोस. फक्त तो कुणावर काढावा ते सापडत नाही. काका वारले. कॅलेंडरवर ओरडून झालं, तर गिऱ्हाईकं बघायला लागली. सत्तावीस वर्षं मी दारात उभा राहून या, जेवा, म्हणत होतो, आणि आमंत्रणच पोचलं नव्हतं. तुझ्यावर थोडा राग ठेवला आहे. मला त्या डब्यासमोर दुकानातल्या चार माणसांत डोळे पुसावे लागले, मिरची लागली असं सांगावं लागलं, त्याबद्दल.

आता कामाचं. मी रद्द केलेली खोली तीन तासांत तुमच्या सोलच्याच लोकांनी पटकावली. बोटवाल्याच्या बहिणीकडे पडवीसकट मोठी खोली मिळवली आहे. तिचा मासा खारट असतो, तोंड वाकडं करू नकोस. रविवारी पौर्णिमा, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पाणी लांबवर मागे सरेल. फळी सापडली त्या वाळूपुढच्या खडकापर्यंत आईला पाय न भिजवता चालता येईल. शनिवारी दुपारी दुकान बंद. ऑगस्टातल्या शनिवारी बर्फाचं दुकान बंद म्हणून न्हाव्यानं मला ताप आलाय का विचारलं. खरबुजं तू आण, या वेळी बस हलेल. बर्फ माझा.

आणि तिकीट चौथंही काढलं आहे. तुझी वहिनी म्हणाली की जो माणूस आपण कधी पाहिला नाही त्याच्यासाठी बावीस वर्षं मासे तळते आहे, एकदा त्याला नमस्कार तरी करू दे. पोशाखाची एक बाही ती धरेल, दुसरी तू. शिवण काल पुरी झाली. मी उलगडून बघितला. खांद्याला माझ्याच खांद्याएवढा आहे. एकही गाठ नाही.

एक अडचण होती. अप्पांचं नाव मी जन्मात उच्चारलेलं नाही. शाळेत बापाचं नाव विचारलं की रीतीप्रमाणे एकेक अक्षर सुटं सांगायचो. हाकेला ते चालायचं नाही. म्हणून आज दुपारी बर्फाच्या कोठीत शिरलो, जाड दार ओढून घेतलं आणि करून पाहिलं. प्यो सांग-बोक! इतकी वर्षं बाजारात बर्फ ओरडून विकलेला आवाज आहे हा, पहिली हाक खणखणीत गेली. दुसरी मधेच फाटली. तिसरी मारली नाही. म्हटलं, मारली आणि अप्पा खरंच आले, तर या कोठीत गारठून बसायचे. ती तिथेच मारीन.

लोभ ठेव. आणि तिसऱ्या हाकेला माझं काही झालं, तर न्हाव्याला सांगू नकोस.

तुझा,
मान-गिल दादा