कवळीच्या आतले चरे

सोमवार, संध्याकाळ. जे. पी. नगर.

अप्पांची, माझ्या वडिलांची, कवळी अजून वाटीतच आहे. आज पुन्हा आतून अंगठा फिरवला. डावीकडे खरखरीत लागते, बाकी काचेसारखी गुळगुळीत.

अप्पा छातीतल्या संसर्गाने गेले. शेजारच्या अक्का दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांना कवळी दाखवली. म्हणाल्या, खरखरीत जागी तोंडातले जंतू चिकटून बसतात, ब्रशनेही नीट निघत नाहीत, आणि श्वासाबरोबर छातीत उतरू शकतात. यामुळेच गेले असं कुणी सांगू शकणार नाही, असंही म्हणाल्या. पण माझा संशय गेला नाही. शिवाजीनगरच्या ज्या डॉक्टरने कवळी बसवली, त्यानेच घाईत घासून पॉलिश न करता दिली असणार.

अण्णा, माझा थोरला भाऊ, फोनवर म्हणाला, "सरी, ठीक आहे, उद्या जाऊ त्याच्याकडे. तू नुसता मागे उभा राहा. नाहीतरी तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

मग कवळी खिडकीशी धरली. चरे सगळे सरळ, एकाच दिशेने. डॉक्टरचं यंत्र तर गोल फिरतं. मग हे असे कसे? अप्पा जन्मभर कारखान्यात फिटर. कानस एकाच दिशेने चालवायची, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं.

त्यांच्या खणात बारीक कानस सापडली. तिच्या खाचांत कवळीच्या हिरडीसारखी गुलाबी भुकटी.

अण्णाला फोन करून उद्या येऊ नको म्हणालो. "का?" म्हणाला. अप्पांना कवळी टोचत होती, एवढंच सांगितलं.