दाढेचं भोक आणि मिश्री

प्रिय आई,

पत्र तू स्वतः वाच, धाकट्या सावनीकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर वाकडं आहे, पण लागेल तुला. फोनवर तू ‘जेवलास का’ एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो.

चेन्नईजवळच्या या गुम्मिडिपूंडीतली ही माझी तिसरी कंपनी, हीपण सोडावीशी वाटतेय. ते असू दे. गेल्या महिन्यात अक्कलदाढ काढली. सुपरवायझर गिरीधरनं मैलापूरला त्याच्या आत्याकडे, डॉक्टर हेमावतीकडे पाठवलं. तंजावरकडची माणसं ती, मराठी बोलतात, पण तमिळच्या चालीवर. दाढ आडवी झोपली होती म्हणे. आधी फोटो काढला, मग हिरडीत सुई. तेवढी टोचते. पाच मिनिटांत अर्धा ओठ आपला राहत नाही. मग हिरडी कापली, हाड जरा कोरलं, दाढेचे दोन तुकडे करून काढले. खेचल्यासारखं वाटतं, दुखत नाही. तीन टाके. कापसाची घडी अर्धा तास चावून धरायची, त्या दिवशी थुंकायचं नाही, गार दहीभात खायचा. दोन दिवस गाल फुगला, मग उतरू लागला.

घोळ मीच केला. तिसऱ्या दिवशी ठणका लागला तेव्हा तू पाठवलेली मिश्री त्या भोकात दाबली. लहानपणी तू अशीच भरायचीस. चौथ्या दिवशी कळ पार कानात. हेमावतीबाईंनी जखम धुतली, औषधाची पट्टी भरली आणि मला झाड झाड झाडलं: अरे शहाण्या, जखमेत तंबाखू भरतात का? मी म्हटलं, आमच्या घरी तर रोज तिन्ही वेळा लावतात. मग त्यांनी तुझी चौकशी केली. दिवाळीपासून तू तिखट सोडलंयस, भाकरी दुधात कुस्करून खातेस, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे आणि तो तू कोणाला बघू देत नाहीस, सगळं मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, चट्ट्याचा तुकडा काढून तपासायलाच पाहिजे, आणि लवकर.

दाढेचं एवढं बारीक लिहिलं ते त्यासाठी. तुकडा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. सुई तीच, टाका एखादा. माझं याहून मोठं झालं आणि मी चौथ्या दिवसापर्यंत जिवंत होतो, पुढचं माझ्या अकलेनं झालं. काय निघेल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मंगळवारी सकाळी मी मिरजेला उतरतोय. सावनीला घेऊन स्टेशनावरच ये, तिथून थेट दवाखान्यात जाऊ. आधी घरी आलो तर तू चुलीपुढे बसशील, आणि मग तुला उठवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तुझाच,
काशिनाथ